अंगदुखीची गोळी आणि ‘रिअ‍ॅक्शन’ : घ्यावयाची दक्षता



सोयाबीन काढणीच्या दिवसांत नांदेड-लातूर भागात कोणाचीच कंबर धरली नाही असे घर सापडणे कठीण. रात्री अंग ठणकू लागले की गावातील दुकानातून सुट्या दोन गोळ्या येतात. बहुतेकांना त्या सोसतात. काही थोड्या व्यक्तींना मात्र हेच औषध चालत नाही व अर्ध्या तासात जिवावर बेतू शकते. प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय येथे घेतला, कारण कीटकनाशकाचा डबा वाचण्याची आपली सवयच येथे उपयोगी पडते.

इमिडाक्लोप्रिड अनेक नावांनी विकले जाते, पण जाणकार शेतकरी कंपनीचे नाव सोडून खालचा घटक पाहतो. गोळ्यांचेही तसेच आहे. पाकिटावर बारीक अक्षरात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा अ‍ॅस्पिरिन असे घटक छापलेले असतात. पुष्कळ गोळ्यांत दोन-तीन घटक एकत्र असतात. एका गोळीने अंगावर गांधी उठल्या म्हणून दुसऱ्या नावाची आणावी, तर तिच्यातही तोच घटक निघतो. सुटी, कापलेली गोळी घेतल्यास हे नाव वाचायलाच मिळत नाही.

घटक वेगळा असला तरी धोका टळला असे समजू नये. वर सांगितलेली औषधे शरीरात वेदना व सूज आणणारी द्रव्ये तयार होण्यास अटकाव करतात. काहींना त्या अटकावामुळेच त्रास होतो, म्हणून त्याच गटातील दुसरे औषधही बाधते. एका गटाच्या औषधाला न जुमानणारी कीड त्याच गटातील दुसऱ्या औषधालाही बहुधा दाद देत नाही, हे आपण पाहतोच. ज्यांना दमा आहे, विशेषतः नाकात मांसल वाढही आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधे घेऊ नयेत. पॅरासिटामॉल अशांपैकी बऱ्याच जणांना चालते, पण तेही डॉक्टरांनीच ठरवावे.

आपल्याकडे गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी लावतात. केवळ खाज असेल तर एक वेळ ठीक. परंतु गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, दम लागणे, वारंवार उलटी, चक्कर किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही दिसल्यास आमसुलात वेळ दवडू नये. १०८ ला फोन करावा. रोग्याला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत, उठवून चालवू नये. दम लागत असल्यास टेकून बसवावे. यावर पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ते जितके लवकर मिळेल तितके चांगले, म्हणून जवळचे शासकीय रुग्णालय गाठावे. बरे वाटले तरी काही तास तेथेच थांबावे, कारण त्रास उलटू शकतो.

दुसरा प्रकार उशिरा येतो व म्हणूनच ओळखू येत नाही. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत इशारा दिला होता. पाळीच्या दुखण्यावर घराघरात घेतले जाणारे हेच औषध. गोळ्या सुरू केल्यापासून साधारण दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ व गाठींची सूज येऊ शकते, यकृतासारख्या अवयवांनाही इजा होते. असे क्वचितच घडते. पण इतक्या दिवसांनी गोळीची आठवण कोणाला राहते? पुरळासोबत तोंडात फोड, डोळे लाल होणे किंवा कातडी सुटणे हीही गंभीर लक्षणे होत. गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक घोटाळा होतो. फवारून आलेला गडी डोके दुखते म्हणून गोळी घेतो आणि नंतर अत्यवस्थ होतो. विषबाधा की रिअ‍ॅक्शन, हे घरी ठरवू नये. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. कीटकनाशकाचे लेबल व गोळीचे पाकीट, दोन्ही डॉक्टरांना दाखवावे.

ज्याला एकदा त्रास झाला, त्याच्या बाधलेल्या घटकाचे नाव डॉक्टरांकडून मराठीत व इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून घ्यावे. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डासोबत ठेवावी, व दात काढताना असो की साधे इंजेक्शन घेताना, आधी ती पुढे करावी. औषधाचा दुष्परिणाम कळविण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. रुग्णाचे नातेवाईकही त्यावर कळवू शकतात.