मर्यादेतील खेळ

घराचा माळा साफ करावयास काढला म्हणजे मोडका पाळणा, जुना कंदील व पितळी भांडी यांच्या सोबतीने अलीकडे एक निराळीच वस्तू हाती लागते. पिवळट पडलेली प्लास्टिकची पेटी, गुंडाळलेली तार, दोन जॉयस्टिक व चार-सहा जाड 'कॅसेटी'. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ ती वस्तू पाहून घटकाभर हरखून जातो. त्याच्या मुलांना मात्र तिचा उपयोगही कळत नाही. टीव्हीला जोडून खेळावयाचा हा व्हिडिओ गेम होय. त्याची आठवण एवढी गोड का वाटते, याचा थोडा विचार करणे आईबापांना हितावह होईल.

घरगुती संगणकाचे युग आपल्या देशात फार जुने नाही. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी एप्रिल १९८२ मध्ये 'स्पेक्ट्रम' नावाचा लहानसा संगणक बाजारात आणला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरातील टीव्ही हाच त्याचा पडदा. खेळ साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठविलेला असे व तो यंत्रात उतरावयास पाच-पाच मिनिटे कर्कश आवाज ऐकत बसावे लागे. त्याची स्मरणशक्ती अवघी ४८ किलोबाइट होती. आज फोनवर काढलेल्या एका छायाचित्राला याच्या सहज पन्नासपट जागा लागते! पुढे 'डेसिबेल्स' या भारतीय कंपनीने परवाना घेऊन हाच संगणक आपल्याकडे विकला. १९८४-८५ साली सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून सुमारे अडीचशे शाळांत संगणक पोहोचविले, तेव्हा असंख्य मुलांनी हे यंत्र प्रथमच डोळ्यांनी पाहिले. ही यंत्रे सुरू केली म्हणजे पडद्यावर आयता खेळ येत नसे. मुलाने 'बेसिक' भाषेत चार ओळी लिहिल्या तरच ते काही करून दाखवी.

घरोघरी पोहोचला तो मात्र जपानी खेळ. निंतेंदो कंपनीने जुलै १९८३ मध्ये काढलेले यंत्र भारतात 'सामुराई' या नावाने आले, आणि पाठोपाठ त्याच्या स्वस्त नकला बाजारात उतरल्या. १९९० नंतरच्या दशकात 'मारिओ' व 'काँट्रा' ही नावे शहरातील मुलांच्या तोंडी बसली, व सुटीत मामाच्या घरी आलेल्या भाच्यांमार्फत ती खेड्यापाड्यांतही पोहोचली. कॅसेट चालेना म्हणजे मुले तिच्यात फुंकर मारीत. वस्तुतः फुंकरीने काही होत नसे, उलट तोंडातील ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजत. कॅसेट काढून पुन्हा नीट बसविल्याने ती चाले. श्रेय मात्र फुंकरीला मिळे.

आता या खेळांचे स्वरूप पाहा. घरात टीव्ही एकच, व तोही बैठकीच्या खोलीत. रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर, वडीलधाऱ्यांचे कार्यक्रम संपल्यावर मुलांची पाळी येई. दोन भावंडे खेळत व चार शेजारची मुले भोवती बसून सल्ला देत. 'मारिओ'मध्ये प्राण तीन. ते संपले की जॉयस्टिक दुसऱ्याच्या हाती द्यावी लागे. मध्येच वीज गेली तर सगळे पहिल्यापासून. आईने हाक मारली की यंत्र बंद. हरल्याने खिशातला एक पैसाही जात नसे.

तथापि गतकाळाचे फाजील कौतुक करू नये. पूर्वीचे दिवस आजच्याहून बरे होते असे म्हणत बसणे शहाणपणाचे नव्हे, असा इशारा पवित्र शास्त्रातील उपदेशक ग्रंथाने फार पूर्वीच दिला आहे. ती यंत्रे थोड्यांच्याच घरी होती. पुष्कळ मुलांनी उंबऱ्याबाहेर उभे राहूनच तो खेळ पाहिला. याउलट २०२० साली महामारीत शाळा बंद पडल्या, तेव्हा याच फोनने कित्येक गरीब घरांत धडे पोहोचविले. तेव्हा दोष यंत्राला देऊन भागणार नाही.

परंतु एक भेद विसरून चालणार नाही. जुना खेळ संपत असे. आजचा खेळ संपू नये अशाच बेताने पुष्कळदा रचलेला असतो. जुना खेळ सर्वांच्या देखत होई; आजचा पांघरुणात एकट्याने होतो. आणि सर्वांत घातक म्हणजे खेळाच्या नावाखाली जुगार घरात शिरला. आपल्या तारिहाळला औद्योगिक वसाहत आहे. दिवसभर यंत्रापाशी उभे राहून कमविलेला पगार एका रात्रीत फोनवर घालवावयास तरुणाला घराबाहेर पाऊल टाकावे लागत नाही, हे प्रत्येक घराने ध्यानी घ्यावे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली, ती याच अनर्थामुळे. परंतु कायद्याचा पहारा उशापर्यंत पोहोचत नाही. तेथे आईबापांनीच जागे राहावयास हवे.

या बाबतीत पवित्र सभेने आपणांपुढे एक आदर्श ठेवला आहे. मिलान शहरात वाढलेले कार्लो अकुतिस यांचा जन्म १९९१ चा. त्यांना संगणकाची विलक्षण आवड होती, व व्हिडिओ गेमही ते आनंदाने खेळत. परंतु त्यासाठी त्यांनी स्वतःच आठवड्याला एका तासाची मर्यादा घालून घेतली होती, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. संगणकाचे कसब त्यांनी पवित्र मिस्साबलिदानाशी निगडित चमत्कारांची माहिती जगापुढे मांडण्यासाठी वापरले. २००६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांनी खेळ टाकला नाही. खेळाला त्याची जागा दाखविली.

आपल्या घरीही हे अशक्य नाही. फोनवरचा खेळ बैठकीच्या खोलीत, सर्वांच्या देखत व्हावा. त्याची वेळ ठरलेली असावी, आणि ती आईबापांनी स्वतःही पाळावी. कारण जेवताना फोन पाहणाऱ्या पित्याचा उपदेश पोरे ऐकत नाहीत. संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी घरातील सर्व फोन एका फळीवर ठेवावेत. मुलाला संगणकाची आवड दिसली तर त्याला केवळ खेळ देऊ नये, खेळ रचावयास शिकवावे. आणि आठवड्यातून एकदा तरी बापाने मुलांसह खेळावयास बसावे, हरावे, हसावे, व आपली पाळी संपली म्हणजे मुकाट्याने यंत्र पुढच्याच्या हाती द्यावे.