मंगळाच्या वाटेवरचा किरणोत्सर्ग : शतकभराचा मागोवा

पृथ्वीवरचा माणूस जन्मभर दोन कवचांखाली राहतो. डोक्यावर वातावरणाचा जाड थर असतो आणि त्याच्याही पलीकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र पसरलेले असते. मंगळाकडे निघालेल्या माणसाला ही दोन्ही कवचे मागे टाकावी लागतात. मग त्याच्यावर दोन प्रकारचा मारा होतो. सूर्यावरच्या स्फोटांतून अधूनमधून वेगवान प्रोटॉनचे लोंढे येतात आणि आकाशगंगेच्या सर्व दिशांनी विश्वकिरण अखंड येत राहतात. या धोक्याची जाण टप्प्याटप्प्याने आली आणि प्रत्येक टप्प्यावर भीतीचे कारण बदलत गेले.

ऑस्ट्रियाचा भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस ७ ऑगस्ट १९१२ रोजी फुग्यातून ५,३०० मीटरच्या आसपास उंचीवर गेला. जमिनीपासून दूर जाताना हवेतले आयनीभवन कमी व्हायला हवे होते, पण सोबतच्या उपकरणांनी ते वाढल्याचे दाखवले. म्हणजे हा मारा वरून येत होता. या शोधासाठी हेसला १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढची काही दशके विश्वकिरण हा शुद्ध भौतिकशास्त्राचाच विषय राहिला. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये या किरणांमुळे वातावरणात होणाऱ्या कणवर्षावांचा उलगडा केला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम सुरुवातीपासूनच महत्त्वाचे होते. याच संस्थेचे ‘अनुराधा’ हे विश्वकिरणांचे उपकरण १९८५ मध्ये स्पेस शटलमधून अंतराळात जाऊन आले.

अंतराळातला किरणोत्सर्ग माणसाच्या प्रवासाच्या आड येऊ शकतो, हे १९५८ मध्ये ध्यानात आले. अमेरिकेच्या एक्सप्लोरर-१ या पहिल्या उपग्रहावर आयोवा विद्यापीठातील जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटाने गायगर काउंटर बसवला होता. कमी उंचीवर तो व्यवस्थित कण मोजत होता, पण जास्त उंचीवर गेला की नोंद थेट शून्यावर यायची. उपकरण बिघडले असावे, अशी शंका येणे साहजिक होते. एक्सप्लोरर-३ वर टेपरेकॉर्डर होता, त्यामुळे सबंध फेरीची नोंद हाती आली. तिच्यात आकडा आधी झपाट्याने वाढत जाऊन मग शून्य होत होता. गटातील कार्ल मॅकिल्वेन यांनी तसाच काउंटर प्रयोगशाळेत क्ष-किरण यंत्रासमोर धरला, तेव्हा मारा फार वाढला की काउंटर गप्प होतो, हे सिद्ध झाले. ते शून्य कणांच्या अतिरेकाचे होते. पृथ्वीभोवतीच्या या भागांना पुढे व्हॅन ॲलन पट्टे हे नाव मिळाले.

चंद्राला जाणाऱ्यांना हे पट्टे पार करू देतील का, अशी धास्ती त्या काळी होती. अपोलो यानांचा मार्ग पट्ट्यांचा सर्वांत दाट भाग टाळून आखला गेला आणि ते अंतर काही तासांत कापले गेले. मोहिमांमध्ये सर्वांत जास्त मात्रा अपोलो १४ च्या वाट्याला आली, तीही एक रॅड (मात्रेचे जुने एकक) याच्या थोडीच वर होती. पट्ट्यांची भीती ओसरली ती तेव्हाच.

तिची जागा सौरवादळांनी घेतली. अपोलो १६ चे अंतराळवीर एप्रिल १९७२ मध्ये परतले आणि अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघाले. या दोहोंच्या मध्ये, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, त्या काळातले अतिशय तीव्र असे सौरकणांचे वादळ उसळले. त्या वेळी कुणी केवळ अंतराळपोशाखात चंद्रावर फिरत असते, तर मळमळ, उलट्या आणि रक्तपेशी घटणे अशा तीव्र किरणोत्सर्ग-आजाराची दाट शक्यता होती. अपोलो मोहिमा सुखरूप पार पडल्या, त्यात तारखांच्या योगायोगाचा वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवे.

विश्वकिरणांचा धोका मात्र त्या दिवसांत डोळ्यांदेखत असूनही मागे राहिला. अपोलो ११ पासून अंतराळवीर सांगू लागले, की अंधारात डोळे मिटून पडले असता प्रकाशाची लव चमकते, कधी ठिपक्यासारखी तर कधी रेघेसारखी. जीवभौतिकशास्त्रज्ञ कॉर्नेलियस टोबायस यांनी १९५२ मध्येच हे भाकीत केले होते. जड अणुकेंद्रके डोळ्यांतून आरपार जाताना दृष्टिपटलाला चेतवतात, हे त्यामागचे कारण. डोळ्यांतून जे जाते ते मेंदूतूनही जाते. विश्वकिरणांत बहुतांश प्रोटॉन आणि त्याखालोखाल हेलियमची केंद्रके असतात. लोहासारखी जड केंद्रके जेमतेम शेकडा एक. पण एक लोहकेंद्रक पेशीतून गेले की त्याच्या वाटेवर डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांजवळच तुटतात आणि अशी मोडतोड पेशीला नीट सांधता येत नाही.

पुढची तीस वर्षे माणूस पृथ्वीजवळच फिरत राहिला, त्यामुळे मोजमापही अपुरे राहिले. मंगळाभोवतीचा किरणोत्सर्ग मोजण्यासाठी २००१ च्या मार्स ओडिसी यानावर ‘मेरी’ हे उपकरण गेले. ऑक्टोबर २००३ च्या प्रचंड सौरवादळात ते बंद पडले आणि पुन्हा सुरू झालेच नाही. चंद्राच्या वाटेवरची मात्रा भारताच्या चांद्रयान-१ वरील ‘रॅडोम’ या बल्गेरियन उपकरणाने २००८ मध्ये टिपली.

खरा आकडा मिळाला तो क्युरिऑसिटी या बग्गीमुळे. नोव्हेंबर २०११ मध्ये निघालेल्या यानात तिचे ‘रॅड’ उपकरण माणसाच्या कुपीत असावे तसे आवरणांच्या आत होते आणि वाटेतच ते चालू करण्यात आले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रवासात दररोज सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट (शरीरावरच्या परिणामानुसार मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा मिळत होती आणि तीत सौरकणांचा वाटा अवघा पाच टक्क्यांच्या आसपास होता. पृथ्वीवर नैसर्गिक स्रोतांकडून वर्षभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. यानात तेवढ्याला दीड दिवसही पुरतो. मंगळाच्या पृष्ठभागावर ही मात्रा दिवसाला ०.६४ मिलिसीव्हर्ट भरली, कारण खालच्या बाजूने खुद्द ग्रहच आडोसा देतो. जाण्यायेण्याचे ३६० दिवस आणि मुक्कामाचे ५०० दिवस धरले, तर बेरीज हजार मिलिसीव्हर्टच्या घरात जाते.

मंगळाच्या विरळ हवेचा आधार तोकडा आहे, याची आठवण २० मे २०२४ रोजी झाली. त्या दिवशीच्या सौरवादळात क्युरिऑसिटीने उतरल्यापासूनची सर्वांत मोठी वाढ नोंदवली, साधारण छातीचे तीस एक्स-रे एकदम काढावेत इतकी. तिच्या कॅमेऱ्याच्या कृष्णधवल चित्रांवर कणांच्या माऱ्याने पांढरे ठिपके आणि रेघा उमटल्या.

सौरवादळावर उपाय सापडत आहेत. पूर्वसूचना मिळाली तर पाणी, अन्न आणि सामान भोवती रचून यानाच्या मध्यभागी काही तास काढता येतात. २०२२ च्या आर्टेमिस-१ मोहिमेत ओरायन यानातून हेल्गा आणि झोहर हे स्त्रीदेहाचे दोन पुतळे हजारो संवेदकांसह चंद्राभोवती फिरून आले. झोहरच्या अंगात संरक्षक जाकीट होते. या मोहिमेत यानातल्या जागेनुसार मात्रेत चौपटीपर्यंत फरक आढळला आणि व्हॅन ॲलन पट्ट्यांपैकी आतला पट्टा पार करताना यानाची दिशा बदलल्यावर मारा निम्म्यावर आला.

विश्वकिरणांना असा आडोसा पुरत नाही. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर आदळून जड केंद्रके फुटतात आणि त्यांतून न्यूट्रॉनसह नवे कण आत शिरतात. पॉलिएथिलीन किंवा पाणी यांसारखे हायड्रोजनयुक्त पदार्थ अधिक उपयोगी पडतात, पण पुरेशी जाडी वाहून नेणे यानाला झेपत नाही. सूर्य खवळलेला असतो तेव्हा त्याचे चुंबकीय क्षेत्र विश्वकिरणांना काहीसे परतवते, म्हणजे शांत सूर्याच्या काळात निघालेल्या यानाला त्यांचा त्रास जास्त होतो.

सर्वांत मोठी उणीव वैद्यकीय ज्ञानात आहे. कर्करोगाच्या धोक्याचे गणित मुख्यतः हिरोशिमा आणि नागासाकीतून बचावलेल्यांच्या नोंदींवर उभे आहे. त्यांना क्षणार्धात आणि प्रामुख्याने गॅमा किरणांची मात्रा मिळाली होती. मंगळयात्रींना ती जड केंद्रकांसह अडीच-तीन वर्षे थेंबाथेंबाने मिळेल. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे २००३ पासून चालू असलेल्या नासाच्या प्रयोगशाळेत उंदरांवर असे कण सोडले जातात आणि स्मरणशक्ती मंदावल्याचे निष्कर्षही आले आहेत. पण तिथेही वर्षांचा मारा बहुधा मिनिटांत उरकला जातो. त्यावरून माणसाबद्दल ठाम विधान करणे घाईचे ठरेल.

तोवर नियमांनी सावध असणे योग्यच आहे. पूर्वी अमेरिकी अंतराळवीरांची मर्यादा वय आणि लिंगानुसार वेगवेगळी होती आणि त्यात स्त्रियांना अंतराळातले दिवस कमी मिळत. २०२२ पासून नासाने सर्वांसाठी संपूर्ण कारकिर्दीला मिळून ६०० मिलिसीव्हर्ट ही एकच मर्यादा ठेवली. आज ज्ञात असलेल्या वेगाने आणि आवरणांनी केलेली मंगळाची फेरी या मर्यादेत बसत नाही.