घर्षण आणि सोलापुरी चादर

सहावीच्या सामान्य विज्ञानात 'बल व बलाचे प्रकार' हा पाठ आहे. त्यात घर्षण बल येतं. मुलं व्याख्या पाठ करतात, आणि 'गतीला विरोध करणारे बल' एवढं वाचलं की त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं की घर्षण म्हणजे अडथळा. मग केळीची साल, सायकलचा ब्रेक, आणि पाठ संपला! आपल्या सोलापुरात तर याहून चांगलं उदाहरण घरोघरी अंथरलेलं आहे. चादर.

आधी एक कृती करून घ्या. प्रत्येक मुलाला थोडा कापूस द्या आणि ओढायला सांगा. तो लगेच तुटतो. नीट पाहिलं तर तंतू तुटलेले नसतात, ते एकमेकांवरून सरकून वेगळे झालेले असतात. आता तेवढ्याच कापसाला भरपूर पीळ देऊन ओढायला सांगा. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

कापसाचा एक तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांब. मग मीटरच्या मीटर धागा कसा टिकतो? त्यात गोंद नाही, गाठ नाही. पीळ दिल्याने तंतू एकमेकांवर दाबले जातात. धागा ओढला की पीळ आणखी आवळतो, दाब वाढतो, आणि दाबाबरोबर घर्षणही वाढतं. आखूड तंतूंचा लांब दोर इतका मजबूत कसा, हा प्रश्न गॅलिलिओनेही १६३८ च्या आपल्या ग्रंथात घेतला आहे. आपल्याकडे आजी वात वळताना बोटांना दूध किंवा भस्म लावते, कारण कोरड्या बोटांतून कापूस निसटतो. वळायलाही घर्षण लागतं आणि वळलेलं टिकायलाही.

म्हणजे १८७७ च्या जुन्या मिलपासून आजच्या यंत्रमागापर्यंत या गावाचं पोट घर्षणावरच भरत आलं आहे, असं म्हटलं तर चूक नाही.

पण मागावर दुसरी बाजूही दिसते. उभे धागे फणीतून सारखे घासले जातात. एकेरी सूत असेल तर ते झिजून तुटतं, म्हणून ताण्याला आधी खळ लावतात. मागाच्या फिरत्या भागांना तेल देतात. धाग्याच्या आत घर्षण हवं, बाहेरून नको! वर्गात ज्यांचे आई-वडील मागावर जातात त्या मुलांना हे सांगायला लावा. आमच्यापेक्षा ती छान सांगतात.

टॉवेलचंही तसंच. त्यावरचे फेरे शिवलेले नसतात, आडव्या-उभ्या धाग्यांच्या पकडीत नुसते अडकलेले असतात. बांगडीत एक अडकला की धागा लांबच लांब येतो. तो ओढू नये, कात्रीने कापावा.

जुन्या घरात जातं असेल तर तेही दाखवा. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही. मग त्याला टाकी लावून तो पुन्हा खरबरीत करावा लागतो.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. गाडीवर पुढे एक, मागे दोन मुलं बसवून शाळेत सोडताना टायरची नक्षी बघत चला. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर चालून जातो, पण पावसात पाणी बाहेर काढायला खाचाच नसतील तर रबर रस्त्याला नीट टेकतच नाही. आणि पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि ऑइल मिळून जो चिकट थर होतो, त्यावर ब्रेक दाबला तरी गाडी घसरते. त्या दिवशी दहा मिनिटं आधी निघा.

घरी करण्यासाठी कृती: दोन वह्या घ्या. एकीचं पान, त्यावर दुसरीचं पान, अशी दहा-दहा पानं एकमेकांत गुंतवा आणि दोन्हीकडून ओढा. मग वीस-वीस, मग चाळीस-चाळीस. कितव्या वेळी दोन मोठी माणसंही हरतात ते मुलांना वहीत लिहू द्या. वह्या जुन्याच घ्या.