ताप उतरला, मग अंग का ठणकतंय?

व्हायरल ताप चार-पाच दिवसांत उतरतो. पण फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, असलेल्या माणसाचं अंग त्यानंतरही कित्येक दिवस ठणकत राहतं. कणीक तिंबताना मनगटं भरून येतात, पिळलेला टॉवेल दोरीवर टाकायला हात वर जात नाही. आणि घरातले म्हणतात, "ताप तर गेला ना, मग आता काय?"

गैरसमज : रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुखणं मनाचं.
शंभरातल्या दोन ते चार जणांना हा आजार असतो. ईएसआर, सीआरपी, एक्स-रे यांत तो दिसत नाही, कारण बिघाड सांध्यांत नसून वेदनेचे संदेश वाहणाऱ्या मज्जासंस्थेत असतो. मेंदू आणि मज्जारज्जू साध्या संदेशाचीही तीव्रता वाढवतात. विषाणूशी लढताना शरीर सायटोकाइन नावाची रसायनं सोडतं आणि त्यामुळे कुणाचंही अंग मोडून येतं. इथे तीच अंगदुखी अनेक पटींनी जाणवते. त्यात खोकल्याने झोप मोडली, की दुखणं आणखी वाढतं. यात नाटक कसलंच नाही.

गैरसमज : अंग दुखतंय म्हणजे फायब्रोच उसळलाय.
मला सगळ्यात जास्त भीती या समजुतीची वाटते, कारण ती रुग्णाच्या आणि कधीकधी डॉक्टरांच्याही मनात असते. फायब्रोमायल्जियात कणकण वाटू शकते, पण थर्मामीटरवर ताप चढत नाही. ताप दिसला, की कारण दुसरं शोधायचं. सांधे सुजणं हेही या आजाराचं लक्षण नाही. पावसाळ्यात ताप येऊन घोटे, मनगटं सुजली तर चिकुनगुन्याची तपासणी हवीच. त्याची सांधेदुखी महिनोन् महिने रेंगाळू शकते. डेंग्यूत तर ताप उतरतानाचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे असतात. त्या वेळी पोटात जोराने दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, तर "माझं नेहमीचंच आहे" म्हणून पडून राहू नका, थेट रुग्णालय गाठा.

गैरसमज : दुखणं जास्त, तर गोळीही जास्त.
सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून पाहा. बहुतेकींवर पॅरासिटामॉल लिहिलेलं असतं. तापासाठी तेच वेगळं घेतलं तर डोस दुप्पट होतो आणि यकृतावर ताण येतो. डेंग्यूची शक्यता असेल तोवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन टाळायची. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. फायब्रोमायल्जियासाठी ड्युलोक्सेटिन चालू असेल, तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. प्रीगाबालिनवर असताना झोप आणणारी सर्दीची गोळी घेतली, तर रात्री उठताना तोल जाऊ शकतो. याच्या उलट चूकही सर्रास होते: आजारपणात "आधीच किती गोळ्या" म्हणून नेहमीची औषधं एकदम बंद केली जातात. मग मळमळ, चक्कर, निद्रानाश मागे लागतो आणि त्याचंही खापर तापावर फुटतं.

गैरसमज : प्रतिकारशक्तीच कमी आहे, लस झेपणार नाही.
फायब्रोमायल्जियामुळे प्रतिकारशक्ती ढासळते असं नाही. फ्लूच्या इंजेक्शनमधल्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. एक-दोन दिवस अंग दुखेल, एवढंच.

गैरसमज : पूर्ण बरं वाटेपर्यंत हलायचंच नाही.
ताप असेपर्यंत विश्रांती, यात दुमत नाही. पण पुढेही अंथरूण सोडलं नाही, तर स्नायू ताठरतात आणि दुखणं वाढतं. म्हणून आधी घरातल्या घरात पाच मिनिटं चालायचं, दुसऱ्या दिवशी त्रास वाढला नाही तरच थोडं वाढवायचं. एखादा दिवस बरं वाटलं म्हणून तुंबलेली सगळी कामं उपसू नयेत.

घरातल्यांना एक विनंती: ताप उतरल्यावरही निदान आठवडाभर जड कामं आपल्याकडे घ्या. आणि रुग्णांनी आपल्या चालू औषधांची यादी फोनमध्ये ठेवून प्रत्येक नव्या डॉक्टरला ती आधी दाखवावी.