अठरा अंशांवरची दुर्बीण

अॅपवर चालणारी स्मार्ट दुर्बीण डोळा लावून बघायची नसते. सीस्टार एस५० घ्या: भिंग ५० मिलिमीटरचं, नाभीय अंतर २५० मिलिमीटर, आणि डोळ्याच्या जागी कॅमेरा. दहा-दहा सेकंदांचे फोटो ती एकावर एक रचत जाते आणि मोबाइलच्या पडद्यावर मृग नक्षत्रातला तेजोमेघ हळूहळू उजळत जातो. धाराशिव जिल्ह्यात, गावाच्या दिव्यांपासून लांबच्या माळावर हे पाहणं फार मोठं सुख आहे. पण पहिल्या रात्री यंत्र अडतं, आणि बहुतेक वेळा एकाच कारणानं: आपण कुठे, कसे उभे आहोत हे त्याला नीट कळलेलं नसतं.

सुरुवात फोनपासून. दुर्बीण स्वतःचं वायफाय सोडते, त्यावर इंटरनेट नसतं. फोनला ते खटकतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर निघून जातो; अॅप मात्र ‘जोडणी तुटली’ म्हणत बसतं. डेटा बंद करा, लोकेशनची परवानगी द्या. पहिली नोंदणी आणि अपडेट घरूनच उरकून घ्या, शेतात रेंज शोधत फिरायची वेळ येऊ नये.

मग जमीन. तिवई समतल हवी. भिजवलेल्या काळ्या रानात पाय हळूहळू रुततात आणि तासाभरात सगळं कलतं, म्हणून मुरमाड माळ किंवा खडक बरा. दुर्बिणीतल्या होकायंत्राला लोखंड चालत नाही: मोटारसायकल, पत्र्याची शेड, बोअरचा केसिंग पाइप, स्लॅबमधली सळईसुद्धा त्याला चकवते. दुर्बीण आकाशाचा फोटो काढते, त्यातल्या ताऱ्यांची मांडणी साठवलेल्या नकाशाशी जुळवते आणि स्वतःची दिशा सुधारते. ताराच धूसर असेल तर जुळवणार काय? म्हणून आधी फोकस, मग लक्ष्य. पातळ ढग किंवा वाटेत आलेलं लिंबाचं झाड असेल, तरीही ती ‘सापडत नाही’ असंच सांगते.

खरी गंमत अक्षांशाची आहे, आणि ती यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत सहसा नसते. धाराशिव सुमारे १८.२ अंश उत्तरेला. कृत्तिका इथे जवळजवळ डोक्यावरून जातात, जानेवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास. दुर्बीण फक्त आडवी-उभी वळते, त्यामुळे ताऱ्यांचा पाठलाग करताना चौकटीतलं चित्र स्वतःभोवती फिरतं. दक्षिणेला ४५ अंश उंचीवर हा वेग तासाला सुमारे २० अंश. माथ्यावरून जाणाऱ्या कृत्तिकांसाठी तो सव्वाशेच्याही वर जातो. मग दहा सेकंदांतच कडेचे तारे लांबट होतात, अॅप एकामागून एक फोटो नाकारतं आणि माणूस समजतो यंत्र बिघडलं. ते बिघडलेलं नसतं. कृत्तिका पूर्वेला, ४०-५० अंशांवर असतानाच धरा. थेट पूर्वेला हे फिरणं जवळपास थांबतं.

दुसरा उपाय विषुववृत्तीय पद्धतीचा: दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे कलवायचा. पण इथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर, म्हणजे दुर्बीण उभ्या स्थितीपासून ७२ अंश झुकवावी लागते. लंडनमध्ये हेच काम ३९ अंशांत भागतं. इतकी झुकलेली तिवई सहज उलटते. एक पाय नेमका उत्तरेला ठेवा म्हणजे भार त्यावर येतो. उत्तरेला टेकडी किंवा घर असेल तर ध्रुवतारा दिसायचाच नाही. मला वाटतं, नवख्यानं पहिला हंगाम तरी या वाटेला जाऊ नये.

या अक्षांशाचं देणंही मोठं आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा अफाट तारकागुच्छ लंडनमध्ये कधी उगवतच नाही. धाराशिवात मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहा-साडेदहाला तो दक्षिणेला सुमारे २४ अंश वर येतो. तिथे चित्र तासाला १६ अंशांच्या आसपासच फिरतं, त्यामुळे साध्या पद्धतीनंही दहा सेकंदांचे फोटो नीट जमतात. अडचण असलीच तर उन्हाळी धुळीची; वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावरची स्वच्छ रात्र निवडा.