पेटंटची नोटीस आली तर

गावातील एखादा लोहार किंवा कल्पक शेतकरी पाभरीत वा कोळप्यात सुधारणा करून नवे अवजार तयार करतो, त्याला गिऱ्हाईक मिळू लागते आणि अशा वेळी दूरच्या शहरातून नोटीस येते : ह्या अवजाराचे पेटंट आमचे आहे, रक्कम भरा, अन्यथा दावा लावू. नोटीस देणारा स्वतः काही बनवीत नाही. पेटंटे विकत घेऊन वसुली करणे हाच त्याचा धंदा. अशांना हल्ली पेटंट ट्रोल म्हणतात.

अमेरिकेतील शेतकऱ्यांना ह्या धंद्याचा तडाखा मागील शतकाच्याही आधी बसला होता. टोकदार लोखंडी नळी पाण्याच्या थरापर्यंत ठोकावयाची व वर हातपंप बसवावयाचा, अशी विहीर न्यूयॉर्क राज्यातील कोर्टलंड येथे कर्नल नेल्सन ग्रीन यांनी १८६१ साली करविली. पेटंटसाठी अर्ज मात्र त्यांनी १८६६ मध्ये केला. तोवर ही युक्ती इतरत्र पसरली होती. १८६८ मध्ये पेटंट मिळाले आणि पुढे हक्कदारांचे वसुलीदार आयोवा, मिनेसोटा भागांत शेतोशेती हिंडून विहिरीमागे पैसे मागू लागले. बिचाऱ्यांनी नळ्या बाजारातून रोखीने आणलेल्या! दावा लढविण्याचा खर्च मागणीहून कितीतरी अधिक, म्हणून अनेकांनी पैसे देऊन सुटका करून घेतली. सारा धंदा ह्याच हिशेबावर चालतो.

काहींनी मात्र संघ स्थापून वर्गणीतून वकील दिले. मे १८८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंट वैध ठरविले. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयोवातील खटल्यात ते रद्द झाले. कारण अर्जापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ अशा विहिरी लोकांच्या उघड वापरात होत्या. कोणी, कोठे, केव्हा नळी ठोकली ह्याचा पुरावाच उपयोगी पडला.

आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा लागू आहे. नोटीस फाडू नये आणि घाबरून पैसेही भरू नयेत. प्रथम पेटंटचा क्रमांक मागावा व पेटंट कार्यालयाच्या नोंदींत तो पाहावा. पेटंट भारतातील आहे काय? परदेशातील पेटंटला येथे बळ नाही. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते आणि नूतनीकरणाचे शुल्क न भरल्यास पेटंट त्याआधीही संपते. हक्क लांबलचक वर्णनापुरता नसून शेवटी दिलेल्या क्रमांकित दाव्यांपुरता असतो. ते दावे अवजाराशी एकेक अंग लावून ताडावेत. शेतीची किंवा बागाईतीची पद्धत तर कलम ३ प्रमाणे पेटंटयोग्यच नाही. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम १०६ अन्वये न्यायालयाकडून मनाई व नुकसानभरपाई मागता येते. मात्र पेटंट असल्याची नुसती माहिती देणे ही धमकी ठरत नाही. पेटंट खरे असेल व आपले अवजार त्यात बसत असेल, तर रीतसर परवाना घेणेच बरे.

ग्रामसेवकांनी एक काम आजच करावे. गावात बनलेल्या प्रत्येक सुधारित अवजाराचे तारखेसह छायाचित्र, मोजमापे, पहिल्या विक्रीची पावती आणि प्रात्यक्षिकास हजर असलेल्यांच्या सह्या एका वहीत नोंदवून ठेवाव्यात. कोणाचा पेटंट-अर्ज प्रसिद्ध झाल्यास मंजुरीपूर्वी कोणासही हरकत घेता येते. तेव्हा हीच वही पुढे करावयाची असते.