काडी न ओढता लागणारी आग

गवताची गंजी रात्रीतून पेटली, की कोणीतरी जुने वैर साधले असा संशय गावात हमखास घेतला जातो. कधी तो खराही असतो. पण विद्यार्थी मित्रहो, काडी ओढणारा कोणी नसतानाही आग लागू शकते. तिला स्वयंज्वलन म्हणतात.

प्रथम जवसाचे तेल घ्या. नव्या बॅटला तुम्ही तेच चोळता आणि सुतारही ते लाकडाला लावतात. हे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. त्यातील असंतृप्त मेदाम्लांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन चिवट पापुद्रा बनतो. या ऑक्सिडीभवनात उष्णता बाहेर पडते. बॅटवरची उष्णता हवेत निघून जाते. पण तेल पुसलेल्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात फेकला तर? धाग्याधाग्यावर पसरलेल्या तेलाला ऑक्सिजन मिळत राहतो. बोळ्याच्या पोटातील उष्णतेला मात्र वाट मिळत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले, की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. वेग वाढला, की उष्णता आणखी वाढते. अखेर काही तासांत फडके पेट घेऊ शकते.

२३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीच्या २२ व्या मजल्यावर जवसाच्या तेलाच्या अशाच चिंध्या पेटल्या. ती आग विझवताना अग्निशामक दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले.

आता गंजीकडे वळू. गवत ओलसर असतानाच रचले, तर त्यात सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्या श्वसनाने गंजी आतून तापते. सुमारे ७० अंश सेल्सिअसला बहुतेक सूक्ष्मजीव मरतात. पण तोवर रासायनिक ऑक्सिडीभवनाने जोर धरलेला असतो. मोठी गंजी अधिक धोक्याची का? घनाची बाजू दुप्पट करून पाहा. आकारमान आठपट होते, पृष्ठफळ मात्र चौपटच! उष्णता निर्माण होते साऱ्या आकारमानात, पण बाहेर पडते ती फक्त पृष्ठभागातून.

उपाय साधे आहेत. तेलाचे फडके उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण वाळू द्या, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. गवत नीट वाळल्यावरच रचा. गंजीतून वाफा येत असतील किंवा करपल्यासारखा वास येत असेल, तर बाजूने लांब लोखंडी सळई खुपसा आणि काही मिनिटांनी ओढून पाहा. ती हातात धरवत नसेल, तर गंजी घाईने उपसू नका. आत हवा शिरताच भडका उडेल. गंजीवर चढूही नका, कारण आतून ती जळून पोकळ झालेली असू शकते. गुरे दूर न्या, पाणी तयार ठेवा आणि अग्निशामक दलाला बोलवा. कोणी आग लावली याची चर्चा त्यानंतर करता येईल. त्या वेळी गवत किती वाळले होते, हेही अवश्य विचारा.